रात्रीच्या महामार्गावर पोलिसाने दिसायचं कसं, उभं राहायचं कुठे

प्रश्न असा आला आहे: "जिल्ह्यातून महामार्ग पथकात नुकतीच बदली झाली. रात्रपाळी जास्त असते. पोपटी रंगाचं बिनबाह्यांचं जॅकेट मिळालं आहे. तेवढं पुरेसं आहे का, की पदरचे पैसे घालून दुसरं घ्यावं? आणि नाकाबंदीत किंवा अपघाताच्या ठिकाणी उभं राहताना नेमकं काय पाळावं?"

आधी थेट उत्तर देतो. ते जॅकेट शहरातल्या चौकात दिवसा चालून जाईल. ८०-१०० च्या वेगाने गाड्या जाणाऱ्या रस्त्यावर रात्री ते पुरेसं नाही. हातांवर आणि पायांवर पट्टी हवी, पावसाळ्यात रेनकोटवर पट्टी हवी. आणि हे सगळं मिळालं तरी जॅकेट तुम्हाला मिळवून देतं ते फक्त काही सेकंद. ते सेकंद उपयोगी पडतील अशा जागी तुम्ही उभे असलात तरच त्यांना किंमत आहे. महामार्ग पथकात असताना आणि पुढे नव्या मुलांना शिकवताना मी याच क्रमाने सांगत आलो: आधी जागा, मग साथीदार, मग जॅकेट. तुम्ही जॅकेटचं विचारलंय, म्हणून तिथून सुरुवात करतो.

ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ २८ मीटर. समोर काहीतरी आहे हे लक्षात येऊन चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत रस्ते बांधणारे अभियंते अडीच सेकंद धरतात. म्हणजे ७० मीटर तर ब्रेक लागण्याआधीच गेले. पुढे कोरडा रस्ता आणि चांगले टायर असले तरी गाडी थांबायला आणखी ५५ मीटर लागतात. एकूण सव्वाशे मीटर. समृद्धीवर १२० च्या वेगाने हाच हिशेब १६० मीटरच्या पुढे जातो. पावसात, झिजलेल्या टायरवर किंवा भरलेल्या ट्रकला किती लागतील ते यावरून ओळखा. आता लो बीमवर गडद कपड्यातला माणूस साधारण ४०-५० मीटरवर आला की दिसतो. म्हणजे चालक कितीही चांगला असला, शुद्धीत असला, तरी खाकीतल्या माणसाला पाहून त्याला थांबता येत नाही. खाकी रंग १९व्या शतकात सरहद्दीवरच्या फौजेने उचलला तोच मुळी धुळीत आणि वाळल्या गवतात माणूस दिसू नये म्हणून. तो आपलं काम आजही चोख करतो, फक्त आपल्याला तिथे त्याचं उलट हवं असतं. वाहतूक शाखेचा पांढरा शर्ट थोडा बरा, पण पांढऱ्या गाड्यांच्या रांगेत तोही हरवतो.

जॅकेटमध्ये दोन वेगळ्या गोष्टी शिवलेल्या असतात आणि त्या वेगवेगळ्या वेळी काम करतात. पोपटी किंवा नारिंगी कापड हे फ्लुओरेसंट असतं. सूर्यप्रकाशातले डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण घेऊन ते दिसणारा प्रकाश बाहेर टाकतं, म्हणून ते आजूबाजूच्या सगळ्यापेक्षा जास्त उजळ वाटतं. भल्या पहाटे, ढगाळ दिवशी आणि दिवेलागणीच्या वेळी त्याचा सर्वांत जास्त उपयोग. पण सूर्य मावळला की त्याचा आधारच जातो. पिवळ्या सोडियम दिव्याखाली तर ते मळकट दिसतं. रात्रीचं सगळं काम त्या राखाडी-चंदेरी पट्टीचं, जिला आपण सगळे रेडियमची पट्टी म्हणतो. तिच्यात बारीक काचेचे मणी किंवा सूक्ष्म प्रिझम असतात आणि ते हेडलाइटचा प्रकाश आला त्याच दिशेने परत पाठवतात. तुमच्याकडे हेडलाइट वळलेलाच नसेल तर पट्टी राखाडी चिंधीसारखी पडून राहते. वळणाच्या आतल्या बाजूला उभ्या असलेल्या माणसाला म्हणूनच जॅकेटचा फायदा शेवटच्या क्षणापर्यंत मिळत नाही.

तुमचं जॅकेट आज रात्रीच तपासा. साथीदाराला ते घालून पन्नास पावलांवर उभं करा. टॉर्च किंवा मोबाइलचा दिवा स्वतःच्या कानशिलाला, अगदी डोळ्यांच्या पातळीत धरून त्याच्याकडे पाहा. हात लांब करून धरलेल्या टॉर्चने काही कळणार नाही, कारण पट्टी प्रकाश टॉर्चकडे परत पाठवते आणि तुमचा डोळा दुसरीकडे असतो. पट्टी एकसारखी पांढरीशुभ्र पेटली पाहिजे. जुन्या जॅकेटवर काय दिसतं? खांद्यावर जिथे वॉकीटॉकीचा पट्टा घासतो तिथे काळे डाग, कमरेच्या घडीवर बारीक भेगा, आणि पाठीवर, जिथे जीपच्या सीटला माणूस टेकतो, तिथे मणी झडून नुसतं कापड उरलेलं. आणि मागून येणाऱ्या गाडीला नेमकी पाठच दिसणार असते. नंतर पट्टीवर पाणी शिंपडून पुन्हा पाहा. स्वस्त काचमण्यांच्या पट्टीवर पाण्याचा थर बसला की चमक एकदम उतरते. ही पाण्याची चाचणी करून मगच जॅकेट घ्या, असं मी खरेदीच्या प्रत्येक बैठकीत आग्रहाने म्हणत आलो.

ट्रकबद्दल वेगळं सांगतो, कारण रात्रीचा महामार्ग हा ट्रकवाल्यांचाच असतो. कारमध्ये हेडलाइट आणि चालकाचे डोळे यांत उंचीचं अंतर थोडं असतं. ट्रकमध्ये चालक दिव्यांच्या बराच वर बसतो. पट्टी प्रकाश दिव्यांकडे परत पाठवते, त्यातला थोडाच भाग वर त्याच्या डोळ्यांपर्यंत पोहोचतो. तेच जॅकेट कारवाल्याला झगझगीत आणि ट्रकवाल्याला फिकं दिसतं. जो वाहनचालक तुम्हाला सर्वांत जास्त इजा करू शकतो त्यालाच तुम्ही कमी दिसता. "मी चांगला दिसतोय" हा स्वतःच्या गाडीतून घेतलेला अंदाज ट्रकला लावू नका.

दुसरी गोष्ट हातापायांची. नुसत्या छातीवर पट्टी असली तर लांबून चालकाला एक चमकता ठिपका दिसतो. तो मैलाचा दगड असेल, बॅरिकेड असेल, रस्त्याकडेचा खांबही असेल. मनगट, कोपर, गुडघे आणि घोटे इथे पट्ट्या असल्या की त्या हालचालीबरोबर हलतात आणि पाहणाऱ्याचा मेंदू क्षणात ओळखतो की हा चालणारा माणूस आहे. स्वीडनच्या गुन्नार योहानसन या मानसशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये अंधारात माणसाच्या सांध्यांवर दिवे लावून हे दाखवलं: नुसत्या हलत्या ठिपक्यांवरून लोकांनी माणूस ओळखला. पुढे ऑस्ट्रेलिया-अमेरिकेतल्या संशोधकांनी रस्त्यावर रेडियमच्या पट्ट्या लावून तपासलं, तेव्हा सांध्यांवरच्या पट्ट्यांनी नुसत्या जॅकेटवर मात केली. शिवाय लो बीमचा झोत खाली असतो, त्यात सर्वांत आधी येतात ते घोटे. म्हणून स्वतःच्या पैशाने एकच वस्तू घ्यायची असेल तर घोट्याला बांधायच्या वेल्क्रोच्या रुंद रेडियम पट्ट्या घ्या. स्वस्त असतात, पँटवर बुटाच्या वर बसतात आणि ड्यूटी संपली की खिशात जातात.

आता रेनकोट. पावसाळा हा आपल्या घाटांमधला सर्वांत वाईट काळ. बोरघाटात, कसाऱ्यात धुकं उतरतं, काचेवर पाणी, वायपर चालू, आणि आपला माणूस काय करतो? जॅकेट घालतो आणि त्यावर काळा किंवा गडद निळा रेनकोट चढवतो. ज्या दिवसांत त्याने सर्वांत जास्त दिसायला हवं त्या चार महिन्यांत तो पूर्ण काळा असतो. मला याचा मनापासून त्रास होतो, कारण याचा उपाय फार सोपा आहे: जॅकेट रेनकोटच्या वरून घालायचं. मापाने मोठं जॅकेट मागा, ते रेनकोटवर बसतं. नाही मिळालं तर पावसात टिकणारी शिवायची पट्टी आणून रेनकोटच्या बाह्या, पाठ आणि खालच्या घेरावर लावून घ्या. चिकटवायची पट्टी प्लॅस्टिकवर दोन पावसांत सुटते.

तीच गोष्ट गळ्यातल्या सामानाची. ई-चलानचं मशिन छातीवर लोंबतंय, वॉकीटॉकी एका बाजूला, बॉडी कॅमेरा दुसऱ्या बाजूला, उकडतंय म्हणून चेन उघडी. मग समोरून पट्टीचा कितीसा भाग दिसणार? मे महिन्यात विदर्भात बंद कापडाचं जॅकेट अंगावर ठेवणं किती कठीण आहे हे मला ठाऊक आहे. तिथे जाळीचं कापड मागा, पण चेन बंद ठेवा. महिला अंमलदारांना बहुतेक वेळा पुरुषी मापाचं जॅकेट मिळतं. मग ते आत दुमडून पिन लावली जाते आणि पट्टी नेमकी घडीत जाते. माप हा सुरक्षेचा भाग आहे, हे लेखी मागणीत लिहा.

आणि जॅकेटच्या बाजूला वेल्क्रो आहे का बघा. चालत्या गाडीच्या आरशात किंवा ट्रकच्या हुकात कापड अडकलं तर वेल्क्रो सुटून माणूस मोकळा राहतो, शिवलेल्या जॅकेटबरोबर तो ओढला जातो. अमेरिकेत पोलीस आणि आपत्कालीन सेवांसाठी जॅकेटचा स्वतंत्र प्रकार ठेवला आहे, ज्यात कमरेच्या पट्ट्यापर्यंत हात पोहोचावा म्हणून लांबी कमी असते. तिथे फेडरल निधीच्या महामार्गांवर वाहतूक हाताळणाऱ्या पोलिसांनाही नोव्हेंबर २००८ पासून असं जॅकेट सक्तीचं झालं.

खरेदी ज्यांच्या हातात आहे त्यांच्यासाठी मानकांचं थोडक्यात. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोचं आयएस १५८०९ आहे, जगभर आयएसओ २०४७१ चालतं. आयएसओमध्ये तीन वर्ग आहेत. दुसऱ्या वर्गाला किमान ०.५० चौरस मीटर फ्लुओरेसंट कापड आणि ०.१३ चौरस मीटर पट्टी लागते. तिसऱ्याला ०.८० आणि ०.२०. पट्टीची रुंदी किमान ५० मिलिमीटर. तिसऱ्या वर्गासाठी बाह्यांवर किंवा पूर्ण लांबीच्या पँटवर पट्ट्या असाव्याच लागतात, त्यामुळे बिनबाह्यांचं जॅकेट एकट्याने तिसऱ्या वर्गात बसूच शकत नाही. वेगवान महामार्गावर रात्री काम करणाऱ्याला तिसरा वर्गच हवा, यावर माझं मत ठाम आहे. आतल्या लेबलवर किती धुण्यांपर्यंत चमक टिकते तेही छापलेलं असतं. फुटपाथवर शंभर-दीडशेला मिळणाऱ्या जॅकेटवर लेबलच नसतं. धुताना साधा साबण, ब्लीच नको, ब्रश नको, पट्टीवर इस्त्री नको, वाळवायचं सावलीत. आणि जीपच्या मागच्या काचेला दिवसभर उन्हात टांगून ठेवू नका, फ्लुओरेसंट रंग उन्हानेच मरतो.

रंग कोणता? पार्श्वभूमी बघून ठरवा. उन्हाळ्यात करड्या माळावर पोपटी उठून दिसतो. पावसाळ्यात हिरव्यागार घाटात नारिंगी जास्त उठतो. पण रस्त्यावर ठेवायचे नारिंगी कोन, म्हणजे प्लॅस्टिकचे शंकू, आणि नारिंगी प्लॅस्टिक बॅरिकेड यांच्या मधोमध नारिंगी जॅकेटवाला उभा राहिला की तो कोनच होऊन जातो. पथकासाठी एकच रंग निवडायचा असेल तर पोपटी, आणि पाठीवर "पोलीस" हा शब्दही चमकणाऱ्या अक्षरांत. टोलवाला, पार्किंगवाला, डिलिव्हरीवाला सगळेच आज जॅकेट घालतात, चालकाला फरक कळायला हवा.

आता खरा मुद्दा, उभं राहायचं कुठे.

१५ ऑक्टोबर २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धीवर वैजापूरजवळ एक मिनीबस मागून ट्रकवर आदळली आणि १२ जण गेले. ट्रक तपासणीसाठी थांबवला गेला होता असा आरोप झाला, परिवहन विभागाच्या दोन अधिकाऱ्यांना अटक झाली. न्यायालयात काय ठरायचं ते ठरेल. आपण यातून एवढंच घ्यायचं की वेगवान रस्त्यावर थांबलेलं किंवा थांबू लागलेलं वाहन हाच सर्वांत मोठा धोका आहे, आणि ते थांबवायचा हात आपला असतो. मागून येणाऱ्या पेंगुळलेल्या चालकाला पुढचे लाल दिवे चालत्या गाडीचे वाटतात आणि तो त्यांच्याच मागे येत राहतो. म्हणून धावत्या लेनमध्ये कुणालाही थांबवायचं नाही. नंबर घ्या, वायरलेसवर पुढच्या पॉइंटला द्या. टोलनाक्यावर, ट्रक टर्मिनलवर, फाट्यावर, जिथे वेग आपोआप उतरतो तिथे थांबवा. मुंबई-पुणे द्रुतगतीवर खालापूर आणि उर्सेचे टोलनाके आहेत, तिथे गाडी तशीही हळू होते. चलान तर फोटोवरूनही निघतं.

उताराच्या पायथ्याशी कधीच उभं राहू नका. पुण्यात नव्या कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार सगळ्यांना माहीत आहे. डिझेल वाचवायला ट्रक न्यूट्रलमध्ये सोडतात, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि लागेनासे होतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एकाच घटनेत ४८ गाड्यांचं नुकसान झालं. तशा ट्रकच्या चालकाला तुम्ही पाचशे मीटरवरून स्वच्छ दिसत असता. तो ओरडत असतो, हॉर्न वाजवत असतो, पण थांबू शकत नाही. तिथे तिसऱ्या वर्गाचं जॅकेट असलं काय नि नसलं काय. खंबाटकीसारख्या घाटात वळण संपल्या संपल्या उभं राहणंही तसंच. नाकाबंदी सरळ, सपाट पट्ट्यावर लावायची, पहिला ब्लिंकर, म्हणजे लुकलुकणारा दिवा, आणि "सावकाश" फलक बॅरिकेडच्या किमान दोनशे मीटर आधी, आणि लेन कोनने हळूहळू अरुंद करत आणायची. रस्त्यात अचानक आडवं बॅरिकेड म्हणजे आपणच रचलेला अपघात.

अपघाताच्या ठिकाणी पोहोचल्यावर आपल्या माणसाचा पाय आधी जखमीकडे धावतो. माणुसकी म्हणून ते बरोबरच आहे, पण आधी गाडी मागच्या बाजूला, थोडी तिरकी, चाकं रस्त्याच्या कडेकडे वळवून लावा. मग एकाने कोन आणि ब्लिंकर घेऊन मागे जायचं, क्रॅश बॅरिअरच्या, म्हणजे रस्त्याकडेच्या कठड्याच्या, पलीकडून, तोंड येणाऱ्या गाड्यांकडे ठेवून. दुसऱ्याने जखमींकडे. जखमींना बाहेर काढताना त्यांच्यासकट तुम्ही सगळे दुसऱ्या धडकेत सापडू नये यासाठीच ही दोन मिनिटं असतात. देवदूत या महामार्गावरच्या मदत पथकाची किंवा टोलची गाडी आली की तिलाही मागे अशीच लावायला सांगा.

लाल-निळ्या दिव्यांबद्दल बहुतेकांची समजूत उलटी आहे. दिवा जितका प्रखर, तितके आपण सुरक्षित, असं वाटतं. अंधारात त्या झगझगाटाने चालकाचे डोळे दिपतात आणि दिव्याशेजारी उभा असलेला माणूस दिसतच नाही, जॅकेट असूनही. दिव्याला मंद करायची सोय असेल तर पोहोचल्यावर मंद करा. येणाऱ्या वाहतुकीकडे तोंड करून गाडी लावली असेल तर हेडलाइट बंद. आणि गाडीला टेकून किंवा दोन गाड्यांच्या मधे उभं राहू नका. मागून धडक बसली तर पळायला जागा राहत नाही.

अपघातानंतर सर्वांत धोक्याची वेळ मला विचाराल तर पंचनाम्याची. एक जण टेप धरून रस्ता मोजतोय, दुसरा नकाशा काढतोय, पंच खाली वाकून ब्रेकच्या खुणा पाहतायत, तिसरा मोबाइलवर आयरॅड या अपघात नोंदवायच्या सरकारी ॲपमध्ये माहिती भरतोय. सगळ्यांच्या माना खाली आणि वाहतूक पुन्हा वेगात सुरू झालेली. इथे एक माणूस काहीही न करणारा हवा. त्याच्या हातात कागद नाही, फोन नाही, फक्त शिट्टी आणि बॅटन. तोंड वाहतुकीकडे. एक लांब शिट्टी म्हणजे सगळ्यांनी हातातलं टाकून बॅरिअरपलीकडे जायचं, हे आधी ठरवून ठेवायचं. मनुष्यबळ कमी असतं, मला माहीत आहे. दोघेच असाल तर मोजणी थोडी थांबवा, कुमक येऊ द्या. ॲपमधली माहिती बॅरिअरपलीकडे उभं राहून भरा.

गाडी तपासताना डाव्या बाजूने, म्हणजे रस्त्याच्या कडेच्या बाजूने जा. चालकाच्या खिडकीशी उभं राहिलात की तुमची पाठ धावत्या लेनमध्ये असते. आणि पळणाऱ्या गाडीसमोर आडवं होऊ नका, बॉनेटला लटकू नका. आपले अंमलदार असे फरफटत गेल्याच्या बातम्या वारंवार येतात. त्यामागे धाडस आणि कर्तव्याची चाड असते, त्याबद्दल मला आदर आहे, पण एका चलानासाठी कुणाच्या घरचा माणूस जाऊ नये. नंबर मिळाला की ती गाडी आपल्याला मिळणारच आहे.

पदरच्या पैशाने काय घ्यायचं, तर घोट्याच्या पट्ट्या आणि रेनकोटला शिवायची पट्टी, एवढंच. बाह्यांचं तिसऱ्या वर्गाचं जॅकेट हे सरकारने द्यायचं आहे. त्यासाठी प्रभारींकडे लेखी मागणी करा, तुमच्या जॅकेटचा टॉर्चच्या उजेडातला फोटो जोडा, नवं आणि जुनं शेजारी शेजारी. साहेबांना कागदापेक्षा तो फोटो लवकर पटतो. अर्ज एप्रिलमध्येच द्या, म्हणजे जूनच्या पहिल्या पावसाआधी सामान हातात येण्याची शक्यता तरी राहते.